आभासी यंत्राने संरक्षित सॉफ्टवेअर व त्यावरील हल्ले

सॉफ्टवेअरची अंतर्गत रचना कोणी उलगडू नये, यासाठी व्हीएमप्रोटेक्ट, थेमिडा यांसारखी साधने आभासी यंत्राचा आश्रय घेतात. मूळ यांत्रिक आज्ञांचे रूपांतर बाइटकोड नामक सांकेतिक भाषेत केले जाते. ती केवळ सोबत जोडलेल्या दुभाष्याला, म्हणजे इंटरप्रिटरला समजते. प्रत्येक वेळी ही भाषा बदलता येत असल्याने एका प्रतीवरील श्रम दुसरीस जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत.

तथापि दुभाष्या आज्ञावलीतच असावा लागतो, हेच या पद्धतीचे मर्मस्थान होय. रॉल्फ रोल्स यांनी २००९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आधी दुभाष्याचा अभ्यास करून सांकेतिक आज्ञांचे अर्थ निश्चित केले जातात व नंतर बाइटकोडचे पुन्हा यांत्रिक आज्ञांत भाषांतर होते. अॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये वेगळा मार्ग सुचविला : चालत्या आज्ञावलीची नोंद घेऊन, कार्यप्रणालीकडे केलेल्या मागण्यांवर परिणाम करणाऱ्या आज्ञाच वेगळ्या काढावयाच्या. मात्र त्या वेळी न चाललेला भाग अशा नोंदीत येत नाही.

‘फिनफिशर’ या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरनेही हेच कवच धारण केले होते. त्यामुळे कवच भेदण्याची विद्या जशी चौर्यास, तशीच नागरिकांच्या संरक्षणासही उपयोगी पडते. सारांश, आभासी यंत्र रहस्य कायमचे राखत नाही. ते उलगडण्याचे श्रम व काळ तेवढे वाढविते.