डोक्यावरची गाठ आणि हेल्मेटचं निमित्त

भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात डोक्यावर गाठ आली किंवा जखम झाली, तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही. हेल्मेट घासलं. लेथवरची चिप उडाली. भट्टीजवळ काम आहे, उष्णतेने फोड आला. दहातल्या नऊ वेळा हे खरंच असतं. आज आम्ही बोलणार आहोत ते उरलेल्या एकाबद्दल नव्हे, त्याहूनही क्वचित दिसणाऱ्या आजारांबद्दल. ते म्हणजे डोक्याच्या त्वचेचे दुर्मीळ कॅन्सर.

आपल्या त्वचेत मेलॅनिन भरपूर, त्यामुळे त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे मुळातच कमी. पण दुर्मिळपणाचा एक तोटा असतो. आजार कोणाच्या डोक्यात येत नाही, ना रुग्णाच्या, ना डॉक्टरच्या. त्यात वर केस. त्यामुळे ती गाठ बऱ्याचदा सर्वात आधी दिसते सलूनमधल्या कारागिराला. "दादा, इथं काहीतरी लागतंय" असं तो म्हणाला, तर ते मनावर घ्या.

समजा, चाकणमधला पस्तिशीचा एक कामगार आहे. डोक्यावर सुपारीएवढी टणक गाठ. दुखत नाही. हेल्मेटमुळे झाली असेल, म्हणून दोन वर्षं गेली. मग जवळच्या दवाखान्यात भूल देऊन काढली, टाके घातले, गाठ टाकून दिली. वर्षभरात त्याच जागी पुन्हा आली, आता मोठी. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा आली तेव्हा कुठे तुकडा तपासणीला गेला. उत्तर आलं, डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबरन्स, म्हणजे डीएफएसपी.

हा कॅन्सर बहुतेकदा वीस ते पन्नास या वयात, म्हणजे ऐन नोकरीच्या वयात येतो. तो सावकाश वाढतो आणि शरीरात दूरवर क्वचितच पसरतो. पण जागच्या जागी हट्टी असतो. हरळीसारखा. वर दिसतं त्यापेक्षा मुळं कितीतरी लांब गेलेली असतात. नुसती गाठ खुडली की तो परत येतो, आणि प्रत्येक वेळी पुढची शस्त्रक्रिया मोठी होते.

दुसरा आहे अँजिओसार्कोमा, रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कॅन्सर. हा बहुधा साठीच्या पुढे दिसतो. टाळूवर किंवा कपाळाच्या वर जांभळट डाग येतो, मुका मार लागल्यासारखा. पण मुका मार दोन-तीन आठवड्यांत पिवळा पडून जातो. हा डाग जात नाही, उलट पसरतो. इथे महिनेही महत्त्वाचे असतात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. थायरॉइड, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाचा कॅन्सर कधी कधी डोक्यावरच्या गाठीच्या रूपातच पहिल्यांदा दिसतो.

मग हेल्मेटमुळे कॅन्सर होतो का? असा अर्थ कृपया काढू नका. हेल्मेट घालायलाच हवं. होतं असं, की आधीपासून असलेली गाठ हेल्मेट घासून सोलवटते, रक्त येतं आणि दोष हेल्मेटवर जातो.

मात्र वर्षानुवर्षं न भरणारी जखम ही वेगळी गोष्ट आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्याबरोबर १९४५ साली ‘धोतर कॅन्सर’ची नोंद केली होती. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराने वर्षानुवर्षं एकाच जागी घासून झालेला त्वचेचा कॅन्सर. जुन्या भाजल्याच्या वणातही असा कॅन्सर होतो, त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. फाउंड्रीत डोकं भाजलेल्या माणसाने म्हणूनच त्या वणावर कायम लक्ष ठेवायचं. वण फाटला, चिघळला, कडा जाड झाल्या, तर मलम बदलत बसू नका.

आता तपासणी. चार आठवड्यांत न भरणारी जखम, वाढणारी गाठ, न जाणारा डाग, किंवा काढून परत आलेली गाठ, यांपैकी काहीही असेल तर बायोप्सी हवी. जागा बधिर करून छोटा तुकडा घेतात. डीएफएसपीचा संशय असेल तर तो खालच्या चरबीपर्यंत खोल घ्यावा लागतो, वरवरचा तुकडा फसवतो. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती आम्ही रोज ऐकतो. ती सोडून द्या. पसरतो तो न तपासल्यामुळे.

उपचारात मुख्य शस्त्रक्रिया. डीएफएसपीमध्ये गाठीभोवतीची दोन-तीन सेंटीमीटर निरोगी दिसणारी त्वचाही काढतात, किंवा मोज पद्धतीने थर काढत, प्रत्येक थराची कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासत पुढे जातात. डोक्याची त्वचा पोटासारखी ताणली जात नाही. म्हणून जागा झाकायला मांडीची त्वचा लावतात किंवा शेजारची त्वचा फिरवून आणतात. कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट आल्यावरच हे केलेलं बरं. गरजेनुसार रेडिएशन देतात. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या डीएफएसपीत इमॅटिनिबच्या गोळ्या उपयोगी पडतात. अमेरिकेत २००६ मध्ये त्यांना या आजारासाठी मान्यता मिळाली. अँजिओसार्कोमात शस्त्रक्रियेबरोबर रेडिएशन आणि पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं लागतात.

"सुट्टी टाकली तर पगार कापतील." हे कारण आम्हांला खोटं वाटत नाही. पण ईएसआयचं कार्ड असेल, तर कंत्राटी कामगारालाही उपचार मिळतात. कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात, सलग दोन वर्षांची नोकरी आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील, तर वाढीव आजारपण लाभ म्हणून पगाराच्या ८० टक्के रक्कमही मिळू शकते. ईएसआय नसेल, तर वायसीएमसारख्या महापालिका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागापासून सुरुवात करा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

शेवटी एकच सांगणं. डोक्यावरची, किंवा कुठलीही गाठ काढून घेणार असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा, "तुकडा तपासणीला जाणार ना?" तो फॉर्मलिनमध्ये घालून पॅथॉलॉजी लॅबला जायला हवा. रिपोर्ट मिळाला की गाडीच्या आरसी बुकाइतका जपून ठेवा. आमच्या त्या कामगाराने पहिल्याच वेळी हा प्रश्न विचारला असता, तर एका शस्त्रक्रियेत काम भागण्याची शक्यता खूप मोठी होती.