गाडीची तब्येत (भाग ७) : एसी बिघडला की पंखा?

मागच्या आठवड्यात बॅटरी आणि चार्जिंगचं बघितलं. या वेळी खास उन्हाळ्यातली तक्रार.

एप्रिल-मेमध्ये नगर-मनमाड रस्त्यावर हा अनुभव अनेकांना येतो. नगरहून निघताना एसी झकास. विळद घाट उतरून गाडी पळते आहे तोवर सगळे खूश. राहुरीत किंवा कोल्हारच्या पुलापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलं, की थोड्याच वेळात झोत कोमट होतो. रस्ता मोकळा झाला की पुन्हा गार. घरी पोहोचेपर्यंत निदानही ठरलेलं असतं : गॅस संपला, भरून घ्या.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. पण धावताना गार आणि थांबल्यावर गरम, असं असेल तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा.

कारण सोपं आहे. गाडीतली उष्णता गॅस पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, आणून सोडतो. त्याच्या मागेच रेडिएटर असतो. गाडी पळताना दोघांनाही वारा फुकट मिळतो. थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. तो फिरला नाही तर कंडेन्सर तापतो, गॅसचा दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. अशा वेळी वरून आणखी गॅस भरणं म्हणजे दुखण्यात भर.

घरच्या घरी एवढं करता येतं. गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन आणि एसी चालू करा. बऱ्याच गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात पंखा फिरायला लागतो. फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा. मग रिले : फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, तो अदलाबदल करून पाहा. तरीही ढिम्म असेल तर मेकॅनिक मोटरला बॅटरीवरून थेट करंट देतो. थेट दिल्यावर फिरली तर दोष वायरिंगमध्ये, सेन्सरमध्ये किंवा कंट्रोलमध्ये. नाही फिरली तर मोटर गेली. मध्येच एक अवस्था असते. पान्याच्या दांड्याने मोटरवर हलकेच ठोकलं की पंखा भुर्रकन सुरू होतो. गिऱ्हाईक खूश होतं, पण आतले कार्बन ब्रश झिजलेत असा त्याचा अर्थ. ती मोटर पुढच्या घाटात दगा देणार.

मोटर बदलून आणल्यावर जाळीसमोर एक कागद धरा. तो आत ओढला गेला पाहिजे. वायरी उलट्या जोडल्या की पंखा जोरात फिरतो, पण वारा उलट्या दिशेने फेकतो. हा घोळ वाटतो तितका दुर्मीळ नाही.

पंखा ठीक असूनही तक्रार राहिली तर कंडेन्सर तपासा. आपल्या जिल्ह्यात उसाच्या पाचटाचे तुकडे, भुस्सा, किडे आणि धूळ यांचा थर जाळीवर बसतो. उभ्या गाडीत एसी चालू ठेवून कंडेन्सरवर पाणी सोडा. झोत लगेच गार झाला तर उष्णता बाहेर पडत नाही हे नक्की. जाळी साध्या नळीने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला की पातळ पत्रे आडवे होतात.

दोन गोष्टी जिवाच्या. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो, तेव्हा हात लांब ठेवा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत साधारण १ बार जादा दाब असतो, त्यामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडताच ते उसळून अंगावर येतं. करंजी घाटात तापमानाचा काटा लाल रेषेकडे निघाला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या. हट्टाने वर नेली तर हेड गॅस्केट जातं, आणि तो खर्च पंख्याच्या मोटरपेक्षा कितीतरी मोठा.

जुन्या जीपमध्ये पंखा इंजिनावरच बसवलेला असतो. त्याची तपासणी वेगळी, ती पुढच्या आठवड्यात. तोवर कुणी गॅस भरायला सुचवलं तर आधी गेज लावून दोन्ही दाब दाखवायला सांगा. गॅस कमी असेल तर दोन्ही काटे खाली असतात. पंखा किंवा कंडेन्सर दोषी असेल तर वर. काटे वर असताना गॅस भरून घेऊ नका.