फटींतल्या वेळेचे शिवणकाम : कोरडवाहू महाराष्ट्रातील गोधडी, शेत आणि पतीचे आजारपण

गोधडी म्हणजे जुन्या सुती लुगड्यांचे, धोतरांचे आणि चादरींचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने, म्हणजे सुई कापडाच्या खालून-वरून सरळ रेषेत नेत घातलेल्या साध्या टाक्याने, एकजीव केलेले अंथरूण-पांघरूण. कोल्हापूर-सांगलीकडे तिलाच वाकळ म्हणतात आणि तान्ह्या मुलासाठी शिवलेल्या तिच्या लहान, मऊ रूपाला दुपटे. तिच्याविषयीच्या मराठी लेखनात बहुधा दोनच सूर ऐकू येतात, एक आजीच्या मायेच्या उबेचा आणि दुसरा, अलीकडचा, टाकाऊतून टिकाऊचा. दोन्ही सुरांचे लक्ष कापडावर खिळलेले आहे. ते शिवायला लागलेला वेळ कोठून आला, कोणत्या कामांच्या फटींतून तो काढला गेला, हा प्रश्न त्यांत क्वचितच उपस्थित होतो. १९७२च्या दुष्काळापासूनच्या पाच दशकांचा मागोवा घेताना जी घरे डोळ्यांसमोर ठेवावी लागतात त्यांत थोडी कोरडवाहू जमीन, दावणीला एखादी म्हैस आणि अंथरुणाला खिळलेला नवरा असा तिहेरी भार एकाच बाईवर होता, आणि अशा घरांत गोधडीचा विचार वेळेपासूनच सुरू करावा लागतो.

शिवण्याची पद्धत पाहिली की हे उघड होते. सारवलेल्या जमिनीवर अस्तराचे कापड ताणून पसरायचे, त्यावर विरलेले तुकडे जिथे पातळ वाटेल तिथे दुहेरी घालत थर रचायचे, सर्वांत वर त्यातल्या त्यात धड राहिलेले काठपदराचे लुगडे घ्यायचे आणि थर सरकू नयेत म्हणून मोठमोठे कच्चे टाके घालून ते टाचायचे. एवढा भाग मात्र सलग करावा लागतो, त्याला मोकळे अंगण, एखादी शेजारीण आणि एक निवांत दुपार लागते. टाचून झालेली गोधडी कोणत्याही क्षणी बाजूला ठेवता येते. कडेपासून आत सरकणाऱ्या ओळींत मोजायचे काही नसते, विणकामात चुकते तसे घर चुकत नाही, मागाला बांधून बसावे लागत नाही. सुई कापडात टोचून ठेवून बाई उठली, म्हशीची धार काढून, रोग्याची कूस बदलून, वैरण टाकून परत आली, तर टाका जिथे थांबला होता तिथूनच पुढे जातो. उत्तर कन्नडमधील सिद्दी समाजात, ज्याचे पूर्वज मोठ्या प्रमाणावर पोर्तुगीजांच्या गोव्यातून तिकडे गेले आणि ज्यातील अनेकांची भाषा आजही कोकणी आहे, कवंद नावाची अशीच गोधडी एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने फिरत मध्याकडे नेली जाते. व्यत्यय सोसण्याचा हा गुण तिच्यातही आहे.

या वस्त्राच्या पुरुषी इतिहासाला मात्र कितीतरी जास्त शाई मिळाली आहे. संस्कृतातील कंथा, म्हणजे चिंध्या जोडून केलेले जोगी-भिक्षूंचे वस्त्र, वैराग्याची खूण मानली गेली, आणि चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडणारे गाडगेबाबा (१८७६–१९५६) लोकांत गोधडेबुवा म्हणूनही ओळखले जात. संन्याशाने अंगावर घेतलेली गोधडी त्यागाची ठरली. संसारातल्या बाईने शिवलेली काटकसरीची.

१९७२-७३च्या दुष्काळाने कोरडवाहू कुटुंबांची घडीच मोडली. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर बायका पुरुषांच्या बरोबरीने गेल्या, आयात केलेली मिलो ज्वारी आणि मुलांसाठी मिळणारी सुकडी यांवर घरे तगली, आणि पुढे १९७७च्या कायद्याने रोजगार हमी योजनेला जे रूप मिळाले त्याची मुळे याच कामांत होती. ज्या घरात नवरा कामावर जाण्याच्या स्थितीत नव्हता तेथे ही हजेरी बाईला एकटीला भरावी लागे, आणि तिला रोग्याजवळ बसायला मिळणारी दुपार खडीच्या ढिगाकडे जाई. शिवाय गोधडी शिवायला आधी कापड जुने व्हावे लागते, आणि अंगावरचे लुगडेच दुसरे येईपर्यंत उतरवता येत नसेल तर थर रचायला काही उरत नाही. दुष्काळ गोधडीतही दिसतो तो असा, ठिगळावर ठिगळ लावून जुन्याच वाकळेचे आयुष्य वाढवण्याच्या रूपाने. त्याच काळापासून जमिनीची वाटणीही वेगाने होत गेली. कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. शेत लहान झाले म्हणून शेतातले काम त्या प्रमाणात हलके झाले नाही, कारण गडी ठेवणे परवडेनासे झाले आणि खुरपणीपासून काढणीपर्यंतची बरीच कामे घरच्या बाईच्या हातांवर आली.

मुंबईच्या कापड गिरण्यांतील १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाचा या विषयाशी संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे. सुमारे अडीच लाख कामगारांपैकी पुष्कळ जण सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातील आपल्या गावी परतले, आणि त्यांत असेही होते ज्यांच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षे कापसाची धूळ साचली होती. या धुळीमुळे छाती आवळली जाते, धाप लागते आणि पुढे दम कायमचा उणावतो, त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. इतकी वर्षे मनीऑर्डरच्या भरवशावर गावची जमीन एकटीने कसणारी बायको आता त्याच जमिनीबरोबर त्याचे आजारपणही सांभाळू लागली. धाप लागणाऱ्या माणसाला आडवे झोपवत नाही, त्याला पाठीशी टेकण लागते, आणि हे टेकण म्हणजे घडी करून रचलेल्या दोन-तीन वाकळा. गिरणीतल्या सुताने ज्याचा श्वास अडला त्याच्या पाठीला आधारही गिरणीत विणलेल्या, झिजलेल्या सुताचाच होता.

पुढचा बदल कापडाचा. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली आणि पॉलिस्टर साडी टिकाऊ, रंग न जाणारी, लवकर वाळणारी म्हणून शेतात राबणाऱ्या बाईने आनंदाने स्वीकारली. तिच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते, आणि सुती लुगड्याबद्दलचा शहरी हळवेपणा तिच्यावर लादण्याचे कारण नाही. पण ही साडी गोधडीत आली की थर निसटतात, आणि ती घाम किंवा ओल शोषत नाही. धडधाकट माणसाला याने फारसे बिघडत नाही. दिवसरात्र एकाच कुशीवर पडलेल्या माणसाच्या कातडीला मात्र ओल, उष्णता आणि दाब एकत्र भोवतात आणि शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने माकडहाड, टाच, खुबा अशा ठिकाणी होणाऱ्या जखमा, सुरू होतात. म्हणून आजारपण असलेल्या घरात सुती तुकड्यांचे मोल वाढते: जुने धोतर, मांजरपाट, सासूचे लुगडे यांची वेगळी बोचकी बांधली जातात, त्यांतून जाड गोधडीऐवजी दोन-तीन पदरी, दुपट्यासारख्या लहान गोधड्या शिवल्या जातात, आणि मेणकापडावर त्या आलटून-पालटून घालता येतात. ओली झालेली एक काढून दुसरी सरकवताना रोग्याला अर्ध्या कुशीवर वळवून जुनी गुंडाळत नेणे आणि नवी उलगडत आणणे हे कसब रुग्णालयातील परिचारिका शिकून घेते; घरातली बाई ते बाळंतिणीच्या खोलीत आधीच शिकलेली असते.

हे सारे मोजायचे कसे, हा प्रश्न उरतोच. २०१९च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात, म्हणजे माणसाच्या दिवसाचे चोवीस तास कशात गेले याची नोंद घेणाऱ्या पाहणीत, घरातल्यांची विनामोबदला शुश्रूषा व देखभाल करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ १३४ मिनिटे आणि पुरुषांचा ७६ मिनिटे निघाला. त्या पाहणीत दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत विभागलेला होता. दहा मिनिटे टाके, मग औषध, मग चुलीवरची भाकरी, मग पुन्हा टाके, आणि या सर्व वेळात कान खाटेकडे लागलेले, असा अर्धा तास कोणत्या खणात बसवायचा? जमिनीच्या कागदांवर तर ही बाई त्याहून पुसट आहे, कारण सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीचा धारक आणि पीक यांची नोंद असलेल्या उताऱ्यावर, नाव नवऱ्याचे असते आणि पेरणी तिने केली तरी सोसायटीच्या पीककर्जाच्या कागदावर अंथरुणातल्या माणसाचा अंगठा घ्यावा लागतो. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांना स्वेच्छेने बायकोच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले, ते या अर्थाने अगदी व्यवहारी होते.

१९९२ नंतर बँकांशी जोडलेले बचत गट वाढले आणि गोधडी विक्रीची वस्तू झाली, तेव्हा पहिल्यांदाच तिच्यातला वेळ पैशात मोजला गेला. हे स्वागतार्हच म्हणावे लागेल, तरी त्यात एक पेच आहे. मागणीला तारीख असते, ठरलेले माप असते, टाका सारखा यावा लागतो. व्यत्यय सोसणे हा जिचा गुण तिच्यावर आता व्यत्यय नको अशी अट येते. ज्या बाईचा नवरा खाटेवर आहे ती गटात मागे पडते, तिच्या ओळी कुठे दाट तर कुठे विरळ येतात, आणि हा असमानपणा खरेदीदाराला दोष वाटतो. वाचता आले तर त्या ओळींत रात्रीचे जागरण आणि सुगीची घाई वेगवेगळी ओळखू येते.

अशा गोधड्या संग्रहालयांतून का आढळत नाहीत याचे कारण मात्र बाजारात सापडत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड या शेतकरी वस्तीत मिझुरी पेटवे हिने १९४२ साली मृत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, ती घरात राहिली आणि साठ वर्षांनी प्रदर्शनात टांगली गेली. महाराष्ट्रात रिवाज वेगळा आहे. नवरात्रात घट बसण्यापूर्वी घरातली सारी अंथरुणे ओढ्यावर किंवा विहिरीवर नेऊन धुतली जातात, दगडावर आपटून काठीने बडवली जातात आणि बाभळींवर वाळत पडतात. मृत माणसाचे अंथरूण त्यांत नसते. ते त्याच्या वापरातल्या कपड्यांबरोबर स्मशानाच्या वाटेवर किंवा नदीकाठी टाकून दिले जाते, तेराव्याच्या आत शय्यादानात द्यायचे असेल तर त्यासाठी नवे आणतात, आणि ज्या खाटेशी बसून ती गोधडी शिवली होती ती खाटही धुऊन उभी करून ठेवतात.