सहाशे साचे आणि एक प्रार्थनापुस्तक

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कामाची सुरुवात पॅटर्नपासून, म्हणजे घडवायच्या वस्तूच्या नमुन्यापासून होते. पॅटर्न वाळूत दाबायचा, त्याची पोकळी उमटली की हवा तिथे आतली जागा पोकळ राखणारा कोअर बसवायचा आणि वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. रस थिजला की वाळू फोडून कास्टिंग बाहेर. ज्याने हे काम रोज पाहिले आहे त्याला योहान गुटेनबर्गने १४५० च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झ गावी काय केले हे समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही. छपाईचा शोध म्हटले की डोळ्यांपुढे यंत्राचा दांडा आणि शाई येते. खरे कसब होते ते ओतकामात. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून एकाच मापाची, एकाच उंचीची हजारो अक्षरे, म्हणजे छापखान्याच्या भाषेत खिळे, ओतायची होती.

वर्षानुवर्षे समज असा की गुटेनबर्ग पोलादी ठसा तांब्यात ठोकून कायमचा साचा बनवत असे. २००१ मध्ये प्रिन्स्टनच्या पॉल नीडहॅम आणि ब्लेझ अगेरा इ आर्कास या दोघांनी त्याची सुरुवातीची छपाई संगणकावर तपासली. एकच अक्षर, पण त्याच्या आकारात इतके बारीक फरक निघाले, की साचा दरवेळी मोडून नवा करत असावेत, कदाचित वाळूचाच, असे त्यांनी मांडले. वाद अजून मिटलेला नाही. शिरोलीकरांनी कोणत्या बाजूने उभे राहायचे हे मात्र उघड आहे.

या नव्या तंत्राने लेखणी आणि कुंचला लगेच अडगळीत गेले, असे आपण गृहीत धरतो. तसे झाले नाही. गुटेनबर्गने बायबल छापायला घेतले तेव्हा सुरुवातीच्या काही पानांवर मथळे लाल शाईत छापून पाहिले. ते इतके किचकट ठरले की त्याने नाद सोडला आणि जागा कोऱ्या ठेवल्या. गिऱ्हाइकाने सुटी पाने विकत न्यायची, मोठी आद्याक्षरे, लाल ओळी, सोनेरी वेलबुट्टी आपल्या पसंतीच्या चित्रकाराकडून करून घ्यायची आणि मग बांधणी. त्यामुळे एकाच वेळी छापलेल्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर मजकूर तोच, पण चेहरा वेगळा.

या मिश्र कारागिरीचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे पॅरिसमध्ये छापलेली ‘बुक ऑफ अवर्स’. हे पाद्र्यांचे पुस्तक नव्हते. घरच्या माणसांचे, आणि बऱ्याचदा बायकांचे होते. मठांत दिवसाचे आठ भाग पाडून प्रार्थना होत. तोच क्रम संसारी माणसाला जमेल इतका छोटा करून या हातात मावणाऱ्या पुस्तकात दिलेला असे. मरियेच्या प्रार्थना, पश्चात्तापाची सात स्तोत्रे, संतांची आळवणी, मृतांसाठीची प्रार्थना. आरंभी सणांचे कॅलेंडर आणि पुढच्या काही वर्षांच्या ईस्टरच्या तारखांचे कोष्टक. छपाईचे साल दिलेले नसले तर अभ्यासक त्या कोष्टकावरूनच अंदाज बांधतात. घरातले जन्म आणि मृत्यू कोऱ्या पानांवर टिपून ठेवायची रीतही होती.

१४८० च्या दशकात पॅरिसच्या प्रकाशकांनी या पुस्तकाची बाजारपेठ ओळखली. सिमों व्होस्त्रसाठी फिलिप पिगूशे छापत असे. आंत्वान व्हेरार स्वतःच मोठा व्यापारी. चित्रे धातूच्या पट्ट्यांवर उठावाने कोरलेली असत. पानाच्या चारी कडांच्या नक्षीत शिकारी, फुले, बायबलातले प्रसंग आणि राजापासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाला नाचवत नेणारा मृत्यू. कॅलेंडरजवळ बहुधा एक सांगाडावजा माणूस उभा असे आणि त्याच्या अवयवांवर ग्रहांचा अंमल दाखवलेला असे. म्हणजे प्रार्थना, पंचांग आणि थोडे वैद्यक, सगळे एकाच बांधणीत.

साधी प्रत कागदावर, काळ्या शाईत. श्रीमंताची प्रत वासराच्या कातड्यापासून बनवलेल्या पातळ चर्मपत्रावर, आणि तिच्यावर मग कुंचला फिरे. निळ्यासाठी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला लाजवर्द दगड वाटत. दळलेले सोने डिंकात कालवून शिंपल्यात ठेवत आणि त्याने वस्त्रांच्या चुण्या उजळत. लाल रंग शेंदूर किंवा हिंगुळाचा. हिंगूळ मराठी पोथ्यांनाही परका नाही. ‘उवाच’, अध्यायसमाप्ती आणि दंड लाल करण्याची पद्धत आपल्याकडच्या लेखकांनीही पाळली. व्हेरारने राजासाठी केलेल्या काही प्रतींत रंग इतका जाड चढवला आहे की खाली छापील चित्र आहे याचा पत्ताही लागू नये. एखाद्या ठिकाणी तर चित्रकाराने खालची रेघ सरळ धुडकावून वेगळेच काहीतरी रंगवले आहे. पॅरिसचाच जेर्मां हार्दुआं पुस्तकाच्या शेवटी स्वतःला रंगकामात निष्णात म्हणवून घेई. छापणाराही तोच आणि रंगवणाराही. या पुस्तकांकडे ‘हस्तलिखिताची स्वस्त नक्कल’ म्हणून पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यायला हवे.

अशी पुस्तके दुर्मीळ का झाली? वापरून झिजली, हे एक कारण. धर्मकारण हे दुसरे. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतल्यावर पोपचे आणि राजसत्तेला विरोध करणाऱ्या संत थॉमस बेकेटचे नाव पुस्तकांतून खोडायचा हुकूम सुटला. खरवडलेली ती पाने आजही पाहायला मिळतात. खुद्द रोमनेही १५७१ मध्ये पायस पाचवा याच्या काळात जुन्या आवृत्त्या रद्द करून अधिकृत पाठ ठरवून दिला.

युरोपात ही उलथापालथ चालू असतानाच भारतात छापखाना उतरला, तो ६ सप्टेंबर १५५६ रोजी, गोव्यात. खरे तर तो इथिओपियाला निघाला होता. तिथल्या जेझुइट धर्मप्रसाराच्या मोहिमेचे जमेना म्हणून ओल्ड गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात राहिला. वर्षभरात ख्रिस्ती प्रश्नोत्तरीचे पुस्तक छापले गेले. त्याची एकही प्रत उरलेली नाही. १५७८ मध्ये कोल्लमला तमिळ लिपीत ‘दौत्रिन क्रिस्तां’ निघाले, सोळा पानांचे. तमिळचे पहिले खिळे पाडणारा जुआंव गोन्साल्विस हा जेझुइट ब्रदर मूळचा लोहार.

मराठीचे काय? १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स साष्टीत राहिला, मराठी आणि कोकणी दोन्ही शिकला. १६०८ च्या डिसेंबरात त्याने रोमला पत्र धाडले. मलबारात जसे झाले तसे इथल्या लोकांच्या भाषेत आणि लिपीत पुस्तक छापावे, ही आपली अनेक वर्षांची इच्छा आहे, असे त्यात आहे. अडचणी दोन. वरिष्ठांचा हुकूम हवा, ही एक. दुसरी साच्यांची: युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, इथल्या लिपीची खूण सुट्या वर्णाची नसून अख्ख्या उच्चाराची, म्हणून सहाशे साचे लागतील. आज एखादा पॅटर्नवाला हा आकडा ऐकून हसेल. पण काना, वेलांटी, उकार, रफार, जोडाक्षरे यांचा हिशेब मांडला तर स्टीफन्सचा अंदाज फुगवलेला वाटत नाही, आणि प्रत्येक साच्यामागे कोरीवकाम करणाऱ्या कुशल माणसाचे कष्ट होते.

साचे झाले नाहीत. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत. ओवी मराठी, घाट पुराणाचा, अक्षरे पोर्तुगीज वळणाची. त्याची कोकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’ही तिथेच, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ मध्ये आली, तिच्या प्रती लिस्बन आणि व्हॅटिकनमध्ये आहेत. क्रिस्तपुराणाच्या मात्र १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवर बंदीचा फतवा काढला. गोव्याचे छापखाने त्याआधीच थंडावले होते आणि १८२१ पर्यंत तिथे पुस्तकछपाई बंदच राहिली.

मग हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? हाताने उतरवलेल्या नकलांतून. पॅरिसमध्ये कुंचल्याने छापील पान सजवले. गोव्यात आणि मंगळुरात लेखणीने ते जगवले. जोसेफ सालढाणा यांनी अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळुरात रोमन लिपीतली आवृत्ती काढली. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांना लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात या पुराणाची देवनागरी प्रत सापडली.

देवनागरी छापण्याचा प्रश्न दरम्यान दुसऱ्याच वाटेने सुटू लागला होता, आणि तो शिरोलीहून फार दूर नाही अशा मिरजेत. पुण्यातल्या एका तांबटाला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्याकडे कोरीवकाम शिकायला मिळाले होते. नाना फडणविसांच्या मृत्यूनंतर तो मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ मध्ये तिथे भगवद्गीता छापली गेली. एकही खिळा न ओतता, अख्खे पान तांब्याच्या पत्र्यावर कोरून. त्याच वर्षी बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले, ओतलेल्या देवनागरी खिळ्यांनी. क्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी पुण्यात काढली ती १९५६ मध्ये, स्टीफन्सच्या पत्रानंतर ३४८ वर्षांनी.