सिंहलद्वीपातील प्राचीन स्थळे : काय पाहावे, कसे पाहावे

आपल्या समाजात धम्मयात्रा म्हटली की लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशिनारा ही चार नावे ओठांवर येतात. ती यावीतच. परंतु अलीकडे उपासक-उपासिका श्रीलंकेसही जाऊ लागले आहेत, आणि परतल्यावर त्यांना काय पाहिले असे विचारले असता बहुधा 'दर्शन छान झाले' एवढेच उत्तर मिळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे उत्तर पुरत नाही. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी जे कोणी त्या देशी जातील त्यांनी तेथे काय पाहावे आणि कोणत्या नजरेने पाहावे, याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

या बेटाचे आपल्यावर एक ऋण आहे, ते आधी सांगितले पाहिजे. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा शिलालेखांतून 'देवानंपिय पियदसि' नावाचा राजा पुढे आला. हा राजा कोण, हे मात्र कळेना. पुराणांच्या वंशावळीत अशोक हे केवळ एक नाव उरले होते. श्रीलंकेत मुलकी सेवेत असलेले जॉर्ज टर्नर यांनी तेथील पालि बखरींच्या आधारे दाखवून दिले की पियदसि म्हणजेच सम्राट अशोक. पुढे १९१५ मध्ये कर्नाटकातील मस्की येथील शिलालेखात अशोकाचे नाव प्रत्यक्ष सापडले आणि शंका उरली नाही. म्हणजे ज्याचे चक्र आज आपल्या राष्ट्रध्वजावर आहे, त्याची ओळख पटविणारी स्मृती तिकडच्या भिक्खूंनी ताडपत्रांवर जपली होती. त्याच महावंसात तिसऱ्या संगीतीनंतर निरनिराळ्या प्रदेशांत पाठविलेल्या थेरांची नावे आहेत. महिंद थेर सिंहलद्वीपास गेले, तर महाधम्मरक्खित थेर 'महारट्ठ' देशास आले. म्हणून आपला या बेटाशी असलेला संबंध पाहुण्याचा नाही, भावंडांचा आहे, असे आम्हांस वाटते.

यात्रेचा सर्वाधिक वेळ अनुराधपुरास द्यावा. निदान दोन दिवस. इ.स.पूर्व चौथ्या शतकापासून इ.स.च्या दहाव्या शतकाअखेरपर्यंत, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ, ही राजधानी होती. येथील श्री महाबोधी वृक्ष संघमित्रा थेरीने आणलेल्या बोधिशाखेचा, अशी परंपरा आहे. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापासून त्याची अखंड नोंद आणि अखंड राखण होत आली आहे. माणसाने लावलेला, लागवडीचा काळ ठाऊक असलेला इतका जुना दुसरा वृक्ष जगात दाखविता येत नाही. बोधगयेचा आजचा वृक्ष एकोणिसाव्या शतकातील आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या राखणीची किंमत कळते.

आमच्या शाळकरी मुलींना आम्ही संघमित्रेविषयी मुद्दाम सांगतो. ती केवळ फांदी घेऊन गेली नाही. तिने तेथे भिक्खुनी संघ स्थापिला. पाचव्या शतकात याच बेटावरच्या भिक्खुनी समुद्रमार्गे चीनला गेल्या आणि तेथील स्त्रियांना त्यांनी उपसंपदा दिली. अकराव्या शतकाच्या सुमारास हा संघ बेटावरून नाहीसा झाला. १९९८ पासून दंबुल्ला येथे भिक्खुनी उपसंपदा पुन्हा सुरू झाली. मात्र तेथील प्रमुख निकायांच्या महानायकांनी तिला मान्यता दिलेली नाही. दंबुल्ल्यास गेलेला प्रवासी लेण्यांतील मूर्ती व छतावरील चित्रे पाहून परततो. ती पाहावीतच, पण हाही इतिहास त्याच गावचा आहे.

अनुराधपुरातील स्तूप पाहताना आकड्यांनी भुलून जाऊ नये, तरी आकडे ठाऊक असावेत. जेतवन स्तूप मूळचा सुमारे १२२ मीटर उंच होता. प्राचीन जगात गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर त्याहून उंच वास्तू नव्हती. त्यात सुमारे ९ कोटी विटा असाव्यात, असा अंदाज आहे. पण हा स्तूप राजा महासेनाने महाविहाराच्या भूमीवर, महाविहाराच्या भिक्खूंशी उभ्या केलेल्या वैरातून बांधला. श्रद्धेइतकाच तो संघभेदाचाही साक्षी आहे. जवळच्या अभयगिरी विहारात चिनी प्रवासी फाहियान पाचव्या शतकाच्या प्रारंभी राहून गेला. समाधी मुद्रेतील बुद्धमूर्तीपाशी थोडे थांबावे. या मूर्तीचे छायाचित्र पंडित नेहरूंनी देहरादूनच्या तुरुंगात आपल्या मेजावर ठेवले होते.

रुवनवेलिसाय या शुभ्र महास्तूपाविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. तो बांधणाऱ्या दुट्ठगामणी राजाने तमिळ राजा एळारचा पराभव केला. पराभूत शत्रूच्या समाधीपुढून जाताना वाद्ये थांबवावीत, अशी आज्ञा त्याने दिली; ही गोष्ट थोर आहे. परंतु युद्धातील संहाराने व्याकूळ झालेल्या या राजाला भिक्खूंनी 'मारल्या गेलेल्यांत माणसे अवघी दीडच होती', असे सांगून धीर दिला, असेही महावंस नोंदवितो. ज्यांनी शरण घेतले नाही ते माणसांत मोजायचे नाहीत, असा त्याचा अर्थ. हा उपदेश तथागतांचा नव्हे. माणसाला माणसांत न मोजण्याचा अनुभव ज्यांच्या पिढ्यांनी घेतला आहे, त्यांनी तरी हे वाचून पुढे निघून जाऊ नये. १९८३ ते २००९ या काळातील यादवी युद्धात सिंहली व तमिळ दोन्ही बाजूंच्या सामान्य माणसांचे जे हाल झाले, ते आठवूनच या स्तूपाला प्रदक्षिणा घालावी.

मिहिंतले तेथून १३ किलोमीटरांवर आहे. महिंद थेर आणि देवानंपिय तिस्स राजाची भेट येथे झाली. पायऱ्या १,८४० असल्या तरी चढण अवघड नाही. पायथ्याशी प्राचीन रुग्णालयाचे अवशेष व रुग्णास औषधी काढ्यात निजविण्याची दगडी द्रोणी आहे, ती चुकवू नये.

आता तलाव. मार्गदर्शक यांचा उल्लेख ओझरता करतात आणि पर्यटक छायाचित्रे काढून मोकळे होतात. आमच्या मते मात्र हीच या देशाची खरी थोरवी. पाचव्या शतकातील धातुसेन राजाच्या कला वेवा तलावातून जय गंगा नावाचा ८७ किलोमीटरांचा कालवा अनुराधपुरापर्यंत नेला आहे. त्याच्या आरंभीच्या टप्प्यात उतार किलोमीटरमागे जेमतेम १० सेंटीमीटर ठेवला आहे. आजच्या उपकरणांवाचून हे कसे साधले, याचे अभियंत्यांना अजून कौतुक वाटते. बांधाच्या पोटात दगडी चौकोनी विहीर करून पाण्याचा दाब आवरण्याची 'बिसोकोटुवा' नावाची रचनाही त्यांनी शोधली होती. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले असतील त्यांना या बांधांची भाषा लगेच कळेल. आणि पाण्याला स्पर्श करण्यासाठी ज्या समाजाला १९२७ साली महाडला जावे लागले, त्याने विहाराइतकाच वेळ तलावाकाठीही घालवावा. पोलोन्नारुवा येथील बाराव्या शतकातील पराक्रम समुद्र याच विद्येचा पुढचा टप्पा. तेथेच गल विहारात एकाच खडकातून कोरलेल्या चार मूर्ती आहेत. त्यांतील पहुडलेली मूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे.

सिगिरियाविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही थोडक्यात आटोपतो. चित्रे पाहताना अजिंठा आठवेल. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलाच्या बेटावरील आगमनाची कथाही रंगविलेली आहे. चित्रांहून आम्हांस भावली ती आरशासारखी घोटलेली भिंत. सहाव्या शतकापासून तेथे आलेल्या प्रवाशांनी तिच्यावर कविता कोरल्या आहेत, आणि त्यांत स्त्रियांच्याही आहेत. कँडीच्या वाटेवर मातले गावाजवळ अलुविहार लागतो. इ.स.पूर्व पहिल्या शतकात, दुष्काळ व युद्धाच्या काळात, मुखोद्गत त्रिपिटक येथे प्रथम ग्रंथबद्ध झाले. बसगाड्या येथे सहसा थांबत नाहीत. आग्रह करून थांबवाव्यात.

कँडीतील दंतधातू विहारास सर्वच जण जातात. १९५० च्या मे महिन्यात येथेच जागतिक बौद्ध परिषद भरली आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित राहिले. धम्म तेथे जिवंत आहे की केवळ विधींत उरला आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे होते. त्या प्रश्नाची धार याच गावात कळते. १७५३ मध्ये सयामहून उपसंपदा आणून संघाचे पुनरुज्जीवन झाले, पण लवकरच तो सयाम निकाय गोयिगम या वरच्या जातीपुरता राखला गेला. दाराबाहेर ठेवलेल्या जातींच्या श्रामणेरांनी ब्रह्मदेशची वाट धरली, आणि १८०३ मध्ये अमरपुर निकाय उभा राहिला. हे ऐकून काही धम्मबांधव खट्टू होतात. आम्हांस तसे वाटत नाही. जात संघात शिरली हे जितके खरे, तितकेच समुद्र ओलांडून चीवर मिळविणारे श्रामणेरही खरे. बाबासाहेबांनी परतण्यापूर्वी कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये तेथील अस्पृश्य बांधवांपुढे भाषण केले आणि त्यांना धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. भारतातील धम्मदीक्षेला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना. विहारांत पांढरी, खांदे व गुडघे झाकणारी वस्त्रे असावीत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अवमान समजतात. प्रत्येक पौर्णिमेला देशभर 'पोया'ची सुटी असते. जूनच्या पोसोन पौर्णिमेस मिहिंतले माणसांनी फुलून जाते, तेव्हा लहान मुले बरोबर असल्यास तो दिवस टाळावा. दगडी प्रांगणात पादत्राणांवाचून चालावे लागते आणि दुपारी फरशी तापते, म्हणून मोजे जवळ ठेवावेत.