आरोग्य मानसशास्त्र : रोगाबरोबर रोग्याचाही अभ्यास

भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्या एखाद्या कामगाराला क्षयरोग झाल्याचे निदान होते. औषधे सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतात. सहा महिने एकही दिवस चुकवू नका, असे डॉक्टर बजावून सांगतात. महिना-दीड महिन्यात ताप जातो, खोकला थांबतो, भूक लागू लागते आणि गोळ्या बंद होतात! काही महिन्यांनी तोच रोगी पुन्हा दवाखान्याच्या दारात उभा राहतो. आता मात्र रोगजंतू पहिल्या औषधांना दाद देतीलच, असे नाही.

निदान बरोबर होते, औषधही बरोबर होते. मग बिघडले कुठे? बरे वाटले म्हणजे बरे झालो, ही समजूत. दवाखान्यात गेलो तर कामावर खाडा पडेल, ही धास्ती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून चाललेली धडपड. कधी दारूचे व्यसन. ही सारी कारणे क्ष-किरणाच्या फोटोत दिसत नाहीत. त्यांचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे आरोग्य मानसशास्त्र.

गंमत अशी की, या शास्त्रातील एका महत्त्वाच्या विचाराची सुरुवातही क्षयरोगापासूनच झाली. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी क्ष-किरण यंत्रे गाडीत घालून वस्तीवस्तीत नेली जात. तपासणी फुकट असूनही पुष्कळ लोक फिरकत नसत. हॉकबाऊम या मानसशास्त्रज्ञाने लोकांनाच त्याची कारणे विचारली. ‘धडधाकट दिसत असलो तरी हा रोग मलाही होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळले तर फायदा होतो’ या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, ते तपासणीला अधिक संख्येने येत असत. म्हणजे सोय फुकट असणे पुरेसे नाही, ती मनाला पटावी लागते. पुढे १९७८ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेत आरोग्य मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला.

दोन वर्षांत काय शिकतात?

एम.ए.चा अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा असतो. ताणामुळे शरीरात होणारे बदल, जुनाट दुखणी, व्यसने, मधुमेह-रक्तदाबासारख्या जन्माच्या सोबत्यांशी जुळवून घेणे, औषधे नियमित घेण्याची सवय, समुपदेशन आणि संशोधनपद्धती हे विषय त्यात येतात. संख्याशास्त्रही शिकावे लागते. गणिताला कंटाळून मानसशास्त्राकडे वळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र केंद्र आहे. अंजूर, काल्हेर, कशेळी भागातील विद्यार्थ्यांना जवळचे म्हणजे मुंबई विद्यापीठ. त्याच्या कालिना संकुलात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी हा विषय वेगळ्या पदवीऐवजी मानसशास्त्राच्या एम.ए.मधील एक भाग म्हणून शिकवला जातो. म्हणून केवळ पदवीचे नाव न पाहता अभ्यासपत्रिका मागून घ्यावी. प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती काम करायला मिळते, हेही विचारावे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, याची उदाहरणे आपल्या जवळच आहेत. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करीत आहे.

प्रवेशापूर्वी हे पाहा

पहिली गोष्ट, एम.ए. झालेली व्यक्ती डॉक्टर नव्हे. औषधे लिहून देण्याचे काम मनोविकारतज्ज्ञाचे, कारण तो वैद्यकीय पदवीधर असतो.

दुसरी गोष्ट, ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून व्यवसाय करण्यासाठी नुसते एम.ए. पुरत नाही. त्यासाठी ठरावीक प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरबसल्या पदवी मिळते म्हणून अनेक जण दूरशिक्षणाकडे वळत असत. मात्र २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह काही आरोग्यविषयक अभ्यासक्रमांना दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देण्यास मनाई केली. तेव्हा जाहिरात पाहून पैसे भरू नयेत. शुल्क भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाच्या मान्यतेची खात्री लेखी करून घ्यावी. नाहीतर पैशाबरोबर मुलामुलींची दोन वर्षेही वाया जातील.

आपल्या भागाला गरज

भिवंडी परिसरात यंत्रमाग आहेत, गोदामे आहेत, रात्रपाळ्या आहेत. इथे आगरी बोली, हिंदी, उर्दू, तेलुगू अशा अनेक भाषा कानावर पडतात. या विषयाची बरीचशी पुस्तके इंग्रजीत आहेत, पण रोगी आपले मन मोकळे करतो ते स्वतःच्या बोलीत. अंजूरच्या एखाद्या मुलीने हे शिक्षण घेतले, तर ‘गोळ्या का सोडल्या?’ हा प्रश्न ती रागावून नव्हे, तर घरच्या माणसासारखा विचारू शकेल. खरे उत्तर अशा विचारण्यालाच मिळते आणि उरलेल्या गोळ्या पोटात जाण्याची आशाही त्यातच असते.