टर्नरच्या जलरंगांतले रोम

इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर 1819 च्या शरद ऋतूत, वयाच्या 44 व्या वर्षी, प्रथमच रोमला पोहोचला, तेव्हा त्या शहराची काही चित्रे त्याच्या हातून आधीच होऊन गेली होती. जेम्स हेकविल या वास्तुविशारदाने इटलीच्या प्रवासात केलेल्या रेखाटनांवरून त्याने ती एका सचित्र प्रवासग्रंथासाठी इंग्लंडमध्ये बसून रंगवली होती. प्रत्यक्ष रोममध्ये मात्र त्याने रंगांपेक्षा पेन्सिलच अधिक चालवली, कारण उघड्यावर एक रंगीत चित्र करायला लागणाऱ्या वेळात पंधरा-सोळा रेखाटने होतात, असा त्याचा रोखठोक हिशेब होता.

जलरंग म्हणजे बारीक कुटलेले रंगद्रव्य आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक यांचे मिश्रण. ते पाण्यात पातळ करून कागदावर पसरले की त्या पारदर्शक थराला ‘वॉश’ म्हणतात. तैलचित्रात उजेड पांढरा रंग लावून आणता येतो, जलरंगात तो बहुधा खालच्या कोऱ्या कागदाचाच असतो आणि म्हणून आधीच राखावा लागतो. टर्नरने रोममधल्या एका वहीच्या कित्येक पानांना राखाडी वॉश देऊन हा क्रम उलटा केला: आधी सगळे पान मळकट करायचे आणि मग जिथे ऊन किंवा चांदणे हवे तिथला रंग पुसून वा खरवडून कागद पुन्हा उघडा करायचा. कलोसियम या प्राचीन रोमन क्रीडागाराचे त्याचे चांदण्यातले प्रसिद्ध चित्र याच वहीतले आहे. फ्रान्सिस टाउन या इंग्रज चित्रकाराने 1780-81 मध्ये याच अवशेषांची चित्रे स्वच्छ शाईच्या रेघांनी बांधून काढली होती आणि ती आपल्या जागी सुंदरच आहेत. परंतु टाउनच्या भिंती उभ्या आहेत हे रेघ सांगते, तर टर्नरच्या भिंती उजेड पडेल तेवढ्याच दिसतात. वस्तूच्या नोंदीपेक्षा तिने मनावर उमटवलेल्या ठशाला महत्त्व देणारी ही दृष्टी म्हणजेच कलेतला रोमँटिक संप्रदाय होय.

अशा चित्रांतली पडझड, वेली आणि चरणारी गुरे ही चित्रकारांनी पदरची घातलेली सजावट असावी असे आजच्या प्रेक्षकाला वाटते, पण हा समज चुकीचा आहे. प्राचीन रोमचा सार्वजनिक चौक असलेल्या फोरमला तेव्हाचे लोक ‘काम्पो व्हाचिनो’, म्हणजे गुरांचा माळ, असेच म्हणत, आणि इ.स. 80 मध्ये सुरू झालेल्या कलोसियमच्या भेगांत इतके काही उगवले होते की रिचर्ड डीकिन या इंग्रजाने 1855 मध्ये तिथल्या 420 वनस्पतींची नोंद करणारे पुस्तकच छापले. टर्नर रोमला गेला तेव्हा फोरममध्ये उत्खनन सुरू होऊन काही वर्षे लोटली होती. पुढे 1870 नंतर, रोम संयुक्त इटलीत सामील झाल्यावर, पुरातत्त्वज्ञांनी दगडांच्या रक्षणासाठी कलोसियमवरचे रान साफ करवले. टर्नरने खरोखर पदरचे काही घातले असेल तर तो उजेड.

टर्नरच्या मृत्यूनंतर राखाडी वॉशची ती वही इतर हजारो रेखाटनांसह ब्रिटिश राष्ट्राकडे आली आणि ती आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. जलरंगांतली काही द्रव्ये प्रकाशाने फिकी पडतात हे 1888 मध्ये रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांच्या अहवालाने प्रयोगांती दाखवून दिले, त्यामुळे संग्रहालये अशी चित्रे मंद दिव्यात आणि थोड्याच काळासाठी भिंतीवर लावतात.